सहा महिन्यांपुरतं इंटरनेट

बायकोची ती बदली नव्हती, तात्पुरती नेमणूक होती. मारेगावच्या पुढे एका गावातल्या शाळेतली शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी सहा महिन्यांसाठी हिला जायला सांगितलं. सहा महिने म्हणजे काही फार नाही, असं सगळे म्हणाले. असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी निम्मा संसार दोन गावांत केलेला नव्हता. मी नागपुरात आणि ती यवतमाळ जिल्ह्यात कुठे ना कुठे. शनिवारी एस.टी.ने जायचं, रविवारी परतायचं. मागच्या पावसाळ्यात ती तापाने दोन दिवस एकटी पडून होती आणि मला फोन केला तो ताप उतरल्यावर. "तुम्ही येऊन काय केलं असतं?" असं तिने विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

या वेळी मी तिच्यासोबत जायचं ठरवलं. मी एका विमा कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासतो. कागद संगणकावर येतात आणि संगणकावरूनच जातात, मग माणूस नागपुरात बसला काय आणि मारेगावला बसला काय, असा माझा हिशोब होता. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तो अर्धाच मान्य केला. त्यांच्या अटी स्पष्ट होत्या. इंटरनेट तारेचं हवं, मोबाइलचं चालणार नाही. खोली बंद दाराची हवी आणि कामाच्या वेळी तिच्यात दुसरं माणूस नको, कारण त्या कागदांत लोकांचे आजार असतात. अमुक सोमवारी सकाळी तीन तासांची चाचणी होईल. तीन तासांत कनेक्शन तुटलं, तर पुढच्या महिन्यापासून नागपूरच्या ऑफिसात हजर.

"तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच खेड्यात जायला निघतील," मॅडम म्हणाल्या.

सगळे कशाला जातील, असं मला वाटलं.

घर चांगलं मिळालं. दोन खोल्या, वर स्लॅब, समोर सारवलेलं अंगण. मोबाइलला खिडकीत एक दांडी यायची आणि खिडकीपासून हात लांब केला की जायची. मी तारेच्या शोधाला लागलो.

पहिल्या कंपनीतली मुलगी फोनवर फार गोड बोलली. "सर, आपला सगळ्यात लहान प्लॅन एक वर्षाचा आहे."

"मी सहा महिनेच राहणार आहे."

"मग सर, सहा महिन्यांनी आपण शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाकू शकता."

"कुठे शिफ्ट?"

"आपल्या घरी सर, नागपूरला."

"तिथे माझं कनेक्शन आधीच आहे."

"मग सर, दोन होतील."

हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की मला क्षणभर आपणच काहीतरी नाकारतोय असं वाटलं. दुसऱ्या कंपनीकडे सहा महिन्यांची सोय होती. त्यांचा माणूस मोटरसायकलवरून गावाच्या वेशीपर्यंत आला, खाली न उतरता खांबांकडे पाहिलं आणि तिथूनच मला फोन करून सांगितलं की या गावात होणार नाही. मी अंगणात त्याची वाट पाहत उभा होतो, चहा टाकलेला होता. तिसऱ्या कंपनीच्या यादीत गावाचं नाव होतं आणि त्यापुढे 'लवकरच' असं लिहिलेलं होतं. लवकरच म्हणजे कधी, असं विचारल्यावर तिकडून उत्तर आलं, "लवकरच, सर."

मी हबकलोच. चार महिन्यांचं, सहा महिन्यांचं भाड्याचं घर देशात हजारो लोक घेत असतील. शिक्षक, नर्सा, रस्त्याचे इंजिनियर. या सगळ्यांना वर्षाचंच काहीतरी विकायचं, हे ठरवलं कोणी?

शेवटी रस्ता दाखवला तो शेजारच्या काकूंनी. त्यांचं आणि आमचं अंगण लागून, मधे नुसती तुराट्यांची आड. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हाच त्यांनी पहिला टोमणा मारला होता, "पितरात घर बदललं का जी? शिकलेल्या लोकायले सगळं चालते." आता त्या माझी फोनवरची झटापट दोन दिवस ऐकत होत्या.

"कायले त्या पोरीसंग भांडून राह्यले भाऊ? केबलवाल्याले सांगा ना. थो देते."

केबलवाला संध्याकाळीच आला. खांद्याला काळ्या वायरचं भेंडोळं, कमरेला पक्कड.

"किती दिवसाचं पायजे काका?"

"सहा महिन्यांचं."

"सहा महिन्याचं घ्या, सहा दिवसाचं घ्या. लग्नाले तर आपण तीन दिवसाचंबी देतो. पावने दुबईहून लग्न पाह्यतेत."

ज्या गोष्टीसाठी तीन कंपन्यांनी मला हात टेकायला लावले, ती हा माणूस मंडपाच्या खुर्च्यांसारखी देत होता. मी फॉर्म मागितला. त्याला कळेना.

"फॉर्म कायचा? तुमी पळून चालले का कुठं?"

माझ्या समाधानासाठी त्याने माझ्या आधार कार्डाचा फोटो काढला आणि कामाला लागला.

त्याची मुख्य पेटी आमच्या गल्लीच्या टोकाला, मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर टांगलेली होती. दुकानदाराला सगळं गाव भाईजान म्हणतं. पेटी तिथेच का, असं मी विचारलं, कारण एका बाजूला जुने टायर आणि दुसऱ्या बाजूला ऑइलचे डबे, अशा जागी मी माझी नोकरी टांगायला तयार नव्हतो. केबलवाल्याने सांगितलं, "गावची लाइन जाते. भाईजानच्या घरची जात नाई. इन्व्हर्टर हाय." पेटीला वीज भाईजानची आणि भाईजानला इंटरनेट फुकट, असा सौदा होता. तो मला पटला.

तिथून वायर दुकानाच्या टिनावरून निघाली, कडुनिंबाच्या फांदीला एक वेढा घेतला, काकूंच्या अंगणात दोन बल्ल्यांमध्ये, म्हणजे लाकडी खांबांमध्ये, ताणली गेली आणि आमच्या खिडकीतून आत आली. दुसऱ्याच्या अंगणातून न विचारता कशी न्यायची, असं मी म्हणालो. त्याने बल्लीवर चढल्या चढल्याच विचारून टाकलं.

"काकू, वायर नेऊन राह्यलो!"

"करंट गिरंट लागन काय रे? खाली शेळी बांधतो आमी."

"कायचा करंट काकू! यात काच हाय काच. काचेतून उजीड जाते, बस. हात लावा, लोंबकळा, काई होत नाई." आणि त्याने स्वतः दोन्ही हातांनी वायर ओढून दाखवली.

कनेक्शन सुरू झालं. मी दोन दिवस खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात वेग मोजला. मॅडमना लागत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि एकदाही तुटला नाही. मी मॅडमना तसं कळवलं. त्या रात्री बायको म्हणाली, "म्हणजे जमलं म्हणायचं." मी म्हणालो, सोमवार होऊ दे. पण मलाही जमल्यासारखंच वाटत होतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी चांगली उघाड होती. घट बसायला तीन दिवस राहिले होते. घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुऊन निघायला हवं, ही आमच्याकडची रीत. नागपुरात माझी आईसुद्धा पाळायची, पण फ्लॅटमध्ये धुऊन धुऊन काय धुणार? इथे सकाळपासून सगळी गल्ली वाकळी घेऊन बोअरवेलवर होती. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. ओली झाली की उचलायला दोन बाया लागतात. दहाच्या सुमाराला कुंपणं, भिंती, बैलगाडीचे दांडे, उभ्या ट्रॅक्टरचं बोनेट, सगळं झाकून गेलं होतं.

मी आत दार लावून उद्याच्या चाचणीची रंगीत तालीम करत होतो. तास-दीड तास ठीक चाललं. मग पडद्यावरचं चाक फिरायला लागलं आणि भिंतीवरच्या डब्यात लाल दिवा लागला. डबा बंद करून सुरू केला. लालच. बाहेर जाऊन खिडकीपासून वायरचा माग काढायला लागलो आणि तुराट्यांच्या आडीपाशी जागच्या जागी थांबलो.

काकूंच्या अंगणातल्या माझ्या वायरवर वाकळी वाळत होत्या. मी मोजल्या. चार वाकळी, एक सतरंजी आणि दोन चादरी. दोन बल्ल्यांमध्ये ताणलेली वायर गुडघ्यापर्यंत लोंबली होती, मधल्या वाकळीचं टोक चिखलात टेकलं होतं आणि शेळी सतरंजीची दशी चघळत होती.

मी आडीवरून हाक मारली. "काकू, हे काय?"

"वाकळी व्हय. काहून?"

"ती माझी वायर आहे!"

"वायरच हाय ना. म्या काय कपडे वाळू घालाची दोरी म्हटली?"

"माझं इंटरनेट बंद पडलं!"

"ते मले काय सांगता? त्यानंच सांगतलं, करंट नाई म्हणे, लोंबकळा म्हणे. मी त लोंबकळलीबी नाई." मग त्यांचं लक्ष चिखलातल्या टोकाकडे गेलं. "अन् हे पाहा! इतकी नवी वायर, अन् एका वाकळीनं खाली आली. आता हे मले फिरून धुवाव लागन. कच्चं काम केलं तुमच्या मानसानं."

मी त्यांच्या वाकळीची माफी मागावी की काय, अशा विचारात असताना माझी नजर टोकाच्या दोन चादरींवर गेली. निळी फुलं, पांढरी किनार. त्या मी ओळखत होतो. मी त्यांच्यावर रोज झोपत होतो.

बायको हात पुसत बाहेर आली आणि माझा चेहरा पाहून तिथेच थांबली.

"तू पण?" मी म्हणालो.

"काकू म्हणाल्या, इथे जागा आहे." तिने वायरकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा वायरकडे. "ही... ती आहे?"

"ती आहे."

तिने पहिली चादर ओढली. आम्ही तिघांनी मिळून वाकळी उतरवल्या. वायर वरून धडधाकट होती, कुठे ओरखडा नाही. पण दिवा लालच.

केबलवाला आर्णीला सासुरवाडीत पितरांच्या जेवणाला गेला होता. फोनवर मागून ताटांचा आवाज येत होता.

"वरतून काई दिसत नाई ना? मंग आतून काच गेली. बल्लीपाशी मुडपली असन," तो म्हणाला. "जोडाची मशीन लोहारा गावाले दुरुस्तीले देल्ली हाय. परवा दुपारी येतो घिऊन."

"उद्या दहाला माझ्या नोकरीची चाचणी आहे."

"काका, मंग वायरवर कपडे कायले घालू देल्ले?"

मी चाचणीचं पुन्हा सांगितलं. मग त्यालाच सुचलं. "भाईजानकडे बसा ना. पेटीत त नेट चालूच हाय. तुमचा डबा उचला अन् तिथं लावा."

मी दुकानात गेलो तेव्हा भाईजान एका मोटरसायकलच्या इंजिनात कोपरापर्यंत होता. त्याच्याशी मी आत्तापर्यंत एकदाच बोललो होतो, तेही पेटीच्या जागेबद्दल आणि तक्रारीच्या सुरात. आता त्यालाच सगळं सांगितलं. चाचणी, तीन तास, बंद खोली, दुसरं माणूस नको. बायकोचंही सांगितलं, की जमलं नाही तर मी नागपूरला जाणार आणि ती इथे एकटी राहणार. इतकं सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

त्याने बोळ्याने हात पुसले. "दुकानात त होत नाई काका. मागं अम्मीची खोली हाय. दार हाय, कडी हाय. अम्मीले विचारू."

अम्मी मागच्या ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. लहानशी, ताठ बसणारी म्हातारी. लेकाचं बोलणं ऐकताना ती माझ्याकडेच पाहत होती.

"अंदर करेगा क्या ये?"

"कंप्यूटर का काम है अम्मी. नौकरी का इम्तहान है."

"बाल सफेद हो गए, अब इम्तहान?" तिने अडकित्ता खाली ठेवला. "पास तो होगा ना? मेरी खोली में फेल नहीं होना."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, तर तिचाही विश्वास बसेना. ना ओळख, ना पाळख. आठवडाभरापूर्वी आलेल्या भाडेकऱ्याला माणूस आपल्या आईची खोली देतो. मी नागपुरात ज्या इमारतीत इतकी वर्षं राहतो, तिथे कोणाच्या खोलीत मी तीन तास बसू शकेन, याचा विचार करून पाहिला. एकही नाव सुचलं नाही.

सोमवारी डबा पेटीला जोडला. खोलीत लोखंडी खाट, एक पत्र्याची ट्रंक, खिळ्याला तसबीची माळ आणि घडी करून ठेवलेली नमाजाची जानमाज. मी खाटेसमोर स्टूल घेतलं, दार लावलं आणि दहाला सुरुवात केली. भाईजानने कंप्रेसर बंद ठेवला होता. भिंतीपलीकडून गिऱ्हाइकांशी त्याचं बोलणं ऐकू येत होतं, "एक बजे के बाद लाव गाडी. अंदर पेपर चालू है." दाराबाहेरच खुर्ची टाकून अम्मी बसली होती, त्यामुळे कोणी जवळ फिरकायचा प्रश्न नव्हता.

तीन तासांत एकदाही तुटलं नाही. शेवटी मॅडम पडद्यावर आल्या आणि कॅमेरा सगळीकडे फिरवायला सांगितला. मी फिरवला. त्या काही विचारायच्या आत मीच सांगितलं, कारण नंतर उघडं पडण्यापेक्षा ते बरं.

"मॅडम, ही माझ्या घरातली खोली नाही. चार घरं सोडून आहे. घरची लाइन काल बंद पडली."

"का?"

"तारेवर गोधड्या वाळत घातल्या होत्या."

मॅडम पडद्याच्या जवळ आल्या. मग त्यांनी विचारलं, "कोणी?"

"शेजारच्या काकूंनी. आणि आमच्या हिने."

मॅडमनी त्यांचा आवाज बंद केला. चित्र सुरू होतं. त्या बराच वेळ खाली पाहत होत्या आणि खांदे हलत होते. आवाज परत सुरू झाला तेव्हा त्या एकदम सरकारी सुरात बोलल्या. "खोली बंद आहे, कनेक्शन स्थिर आहे. तुम्ही पास."

मी आभार मानायला तोंड उघडलं तोच त्या पुढे म्हणाल्या, "एक लक्षात घ्या. ज्या जागेची चाचणी झाली, मंजुरी त्या जागेला. जागा बदलायची तर नवा अर्ज, नवी चाचणी. ती आता पुढच्या तिमाहीत."

"म्हणजे जानेवारीत?"

"जानेवारीत."

"मॅडम, ही एका म्हातारीची खोली आहे."

"मग त्यांच्याशी बोलून घ्या." आणि पडदा काळा झाला.

मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. पास झालो होतो आणि कुठे बसायचं ते माझ्या हातात नव्हतं. आयुष्यात इतके नियम वाचले, पण असा आपल्यालाच आत ठेवून कडी लावणारा नियम पहिल्यांदा पाहिला.

बाहेर आलो. शाळेच्या मधल्या सुट्टीत बायको तडक इकडेच आली होती. भाईजान, अम्मी आणि ती, तिघंही माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी सांगितलं, पास. मग उरलेलं सांगितलं.

"मतलब रोज?" भाईजान म्हणाला.

"रोज. डिसेंबर संपेपर्यंत."

"तो मैं किधर बैठूँगी?" अम्मीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो की हे काही बरोबर नाही, मी मॅडमना नकार कळवतो आणि महिनाअखेरीला नागपूरला जातो. हे बोलताना मी बायकोकडे पाहिलं नाही.

तिनेच तोंड उघडलं. "अम्मी, आमच्या घरी बसा ना. मी शाळेत, हे इथे. दिवसभर घर रिकामंच आहे."

अम्मीने चौकशा केल्या. खाट आहे का? पंखा? पाणी आत आहे की बाहेर? सगळ्याला हो मिळाल्यावर तिने आपली अट घातली. "दोपहर की नमाज मैं यहीं पढ़ूँगी, अपनी जगह पे."

दुपारची नमाज ती दीड वाजता पढते. आमच्या कंपनीची जेवणाची सुट्टी दीड ते दोन. मी तसं सांगितलं तेव्हा भाईजान मोठ्याने हसला आणि त्याने पाना उचलला. त्याच्या हिशोबी विषय संपला होता. माझ्या हिशोबी संपला नव्हता. मी खोलीच्या भाड्याचं काढलं.

"किराया?" अम्मी म्हणाली. "तू मेरी खोली में बैठेगा, मैं तेरे घर में. कौन किसको देगा, बता?"

मी खरंच मांडून पाहिलं. उत्तर येईना.

दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत, अम्मी नमाज आटोपून आमच्या घरी परतली तेवढ्यात, केबलवाला मशीन घेऊन आला आणि दहा मिनिटांत त्याने घरची वायर जोडून, तिला दुसरा डबा लावून त्यावर टीव्हीही सुरू करून दिला. वेग आधीपेक्षाही जास्त निघाला. आणि ते कनेक्शन मला वापरायची परवानगी नव्हती.

"मंग काढू का?" त्याने विचारलं.

मी हो म्हणणार तोच आतून, माझ्याच घरातून, अम्मीचा आवाज आला. "रहने दे! मेरे सीरियल आते उसपे."

म्हणजे सहा महिन्यांपुरतं एक इंटरनेट मिळत नव्हतं, तिथे आता माझ्याकडे दोन होती.

त्या दिवशी सहाला काम संपवून मी घरी आलो. बाहेर चपलांचे तीन जोड. आत खाटेवर अम्मी, खाली काकू आणि दोघींच्या मधे माझी बायको, हातात चहा. टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी घराबाहेर काढत होतं. मी आत पाऊल टाकलं तशी बायकोने हाताने थांबवलं.

"वीस मिनिटं थांबा," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "संपतच आलंय. चहा ओट्यावर झाकून ठेवलाय."

मी उंबरठ्यावर बसलो. आत तिघी मिळून त्या सिरियलमधल्या सुनेला नावं ठेवत होत्या, एकीची वऱ्हाडी, एकीची हिंदी आणि आमच्या हिची शाळेतली मराठी, आणि सगळ्यात मोठा आवाज आमच्या हिचा होता.